मुक्काम पोस्ट राहुटी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक भाचा लातूरला शिकतो. अभ्यास किती करतो ते त्यालाच ठाऊक. पण गिटार वाजवतो आणि 'हेवी मेटल' नावाचं जे संगीत असतं, ज्यात गाणारा गातोय की भांडतोय हे आपल्यासारख्याला कळत नाही, ते रात्रंदिवस ऐकतो. मागच्या ईदला आला तेव्हा त्यानं मला मोबाइलवर एक विमान दाखवलं. आयर्न मेडन या इंग्लंडमधल्या बँडचं. २००८ साली जगाचा दौरा करायचा म्हणून त्यांनी एक बोइंग ७५७ विमान भाड्यानं घेतलं, त्यात वादक, कामगार आणि बारा टन सामान भरलं, आणि ते चालवायला बसला कोण, तर त्यांचाच गायक, ब्रूस डिकिन्सन. या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाला होता. भाचा म्हणाला, "मामू, ऐसा कभी देखा क्या तुमने?"

मी म्हणालो, "विमान नहीं देखा. बाकी सब देखा."

ते बाकी सगळं मी पाहिलं तमाशाच्या फडात. १९९९ च्या दसऱ्यापासून २००० च्या बुद्धपौर्णिमेपर्यंत एक अख्खा हंगाम मी एका ढोलकी फडाबरोबर हिंडलो. फडाचं नाव सांगत नाही. बीए होऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरी नव्हती, कविता मात्र होत्या. उदगीरला एका कविसंमेलनात फडाच्या मॅनेजरनं मला ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी चहाला बोलावून विचारलं, "गण लिहाल का? आणि जमलं तर हिशेबाची वहीसुद्धा?" मुसलमानानं गणपतीचा गण लिहावा यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही. मलाही नाही. जेजुरीचे सगनभाऊ मुसलमान होते, धंद्यानं शिकलगार, आणि पेशवाईच्या अखेरच्या काळात त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजत होत्या. फडातला सोंगाड्या मला "या सगनभाऊ" म्हणूनच हाक मारायचा. कौतुकानं कमी, चेष्टेनं जास्त.

लोकांना वाटतं, तमाशा म्हणजे रात्रीचे ते चार-पाच तास. वही माझ्याकडे असल्यामुळे मला उरलेले तास दिसले. आमच्याकडे पाच ट्रक होते आणि शंभराच्या आसपास माणसं. त्यांतली निम्मी स्टेजवर कधी आलीच नाहीत. खेळ संपायच्या आधीच मागच्या बाजूनं कनात सुटायला लागायची. कनातीचा आणि खांबांचा ट्रक सर्वांत आधी निघायचा, त्याच्याबरोबर बिगारी आणि आचारी. मग जनरेटर. मग कपड्यांच्या पेट्या, आणि त्या पेट्यांवर आडवी झालेली माणसं. ढोलकीवाला मात्र ढोलकी ट्रकमध्ये टाकू द्यायचा नाही, गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचा. दुपारी पुढच्या गावात उतरलं की खड्डे खणा, खांब उभे करा, पोलीस पाटलाला भेटा, पाण्याची सोय बघा. ज्या बाईच्या नावाच्या आरोळ्या रात्री तंबूत उठायच्या, ती दुपारी हापशावर लेकराचं दुपटं धूत असायची. कोणी तिला ओळखत नसे.

वहीत मुख्य रकाना होता उचलीचा. पावसाळ्याचे चार महिने फड बंद असतो, तेव्हा खायचं काय? म्हणून मालकाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर नाचून, वाजवून, ओझी वाहून ती फेडायची. मालकानं स्वतः सावकाराकडून काढलेली असायची. एखाद्या भागात दुष्काळ पडला की यात्रेत पैसा नाही, तिकीट खपत नाही, आणि तो खड्डा माझ्या वहीत थेट उतरायचा. हंगाम संपल्यावरही काही जणांच्या नावापुढचा आकडा दसऱ्याला होता त्याहून मोठा झालेला मी पाहिला आहे. त्यांचा अंगठा मीच घेतला होता. हे सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

माळेगावची यात्रा त्या हंगामात जानेवारीत आली. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला तिथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल यांचा बाजार, कुस्त्या, आणि एका अंगाला तमाशाचे तंबू, एकमेकांवर कर्णे रोखून उभे. शेजारच्या फडानं आवाज वाढवला की आमचा मॅनेजर मशीनवाल्याला खुणावायचा. ढोलकी-हलगीच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले होतेच. जमिनीतून पायात आवाज चढायचा. भाच्याच्या मेटलबद्दल मी फार नाक मुरडत नाही, ते यामुळे.

त्या वर्षी यात्रेत रमजानही होता. खंडोबाला मुसलमान मल्लूखान म्हणतात हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे, तेव्हा यात्रेत रोजे धरायला अडचण नव्हती. अडचण झोपेची असावी असं मला वाटलं होतं. पण वग संपायचा पहाटे तीन-साडेतीनला. थंडीनं हात आखडलेले असायचे, आचारी चूल पेटवायचा आणि सगळा फड जेवायला बसायचा. माझी सहेरी त्या पंगतीतच व्हायची. फडातल्या मावशीचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या कलावंताला याचं फार अप्रूप. तो स्वतः माझ्या ताटलीत भाकरी वाढायचा आणि "अजून वेळ आहे, खा" म्हणून घड्याळ दाखवायचा. त्याचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं. मी अंदाजानं खायचो.

माझं आणखी एक काम होतं, पत्रं लिहिण्याचं. त्यासाठी कोणी पैसे देत नव्हतं. खुशालीची, पैशाची, लेकराला शाळेत घातलं का विचारणारी पत्रं. उत्तर कुठं पाठवायचं, इथं घोडं अडायचं. मी पुढच्या तीन मुक्कामांची नावं लिहायचो. उत्तर पहिल्या गावी पोचेपर्यंत आम्ही तिसऱ्या गावी असायचो. कोणाची शिधापत्रिका कुठल्या गावची, मतदान कुठं, पोरगं कुठल्या शाळेत, हे विचारलं की माणसं एकमेकांकडे बघायची. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पोट घेऊन नाचता नाचता त्या रंगमंचामागे बाळंत झाल्या आणि परत उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण मोठ्या अभिमानानं सांगतो. फडातल्या बाया ती सांगताना अभिमानानं सांगत नसत. हळू आवाजात सांगत.

पुढं काय काय झालं ते थोडक्यात सांगतो. २००० सालीच ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा बंद. पहाटेपर्यंत चालणारा वग दहाच्या आत बसवायचा कसा? बरेच ठिकाणी वगच गळाला, गाणी उरली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या त्या ऐन हंगामात. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती चैत्राच्या यात्रांच्या तोंडावर, म्हणजे उचल फिटायच्या दिवसांत.

माझं फडातलं शेवटचं मोठं गाव लातूर. महाशिवरात्रीला तिथं सिद्धेश्वराची यात्रा असते. संध्याकाळी तिकिटाच्या राहुटीत बसलो होतो आणि समोर अब्बा. उदगीरहून एसटीनं आलेले, हातात कापडी पिशवी. तमाशात पोरगा गेला म्हणून त्यांनी चार महिने माझ्याशी शब्द बोलला नव्हता. खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी आधी विचारलं, "रोजे सगळे झाले?" मी हो म्हणालो. मग पिशवीतून पाकीट काढलं. एका शाळेतल्या लिपिकाच्या जागेसाठी मुलाखतीचं पत्र होतं, तारीख १७ जानेवारी. अब्बांनी ते दुसऱ्या पाकिटात घालून माळेगावला पाठवलं होतं. आम्ही पुढं गेलो होतो. ते फिरत फिरत परत उदगीरला गेलं.

मी म्हणालो, "आज मार्च सुरू आहे, अब्बा."

"म्हणूनच घाई केली नाही," ते म्हणाले.

आत ढोलकी वाजली, गण सुरू झाला. अब्बा कनातीकडे तोंड करून ऐकत राहिले. दोन कडवी झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुझाच का?" मी मान हलवली. त्यांनी तिसरं कडवंही ऐकलं. गौळण सुरू व्हायच्या आत मात्र शेवटची गाडी धरायला उठले. जाताना तिकिटाच्या खिडकीपाशी थांबून मला वीस रुपये दिले. चहाचे की तिकिटाचे, विचारलं नाही.

पाकीट टेबलावर तसंच होतं. त्या रात्री वही ट्रकमध्ये आधीच चढली होती, म्हणून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी गल्ल्याचा हिशेब मांडला.