इंजिन चालते, पण बॅटरी भरते काय?

ऑस्ट्रेलियात कुटुंबेच्या कुटुंबे मोटारीमागे तंबूची जोडगाडी लावून दूरच्या प्रवासास निघतात. या जोडगाडीत स्वयंपाकाचे साहित्य असते, दिवे असतात आणि बॅटरीवर चालणारे शीतकपाटही असते. नॉर्समनपासून सेडुनापर्यंत नलारबॉरचे मैदान ओलांडणारा रस्ता सुमारे १,२०० किलोमीटरांचा आहे. वाटेत थांबे तुरळक. तेथे शीतकपाट बंद पडले तर अन्न नासते. आणि एखाद्या मधुमेही प्रवाशाचे इन्सुलिन त्यात असेल, तर प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही.

इंजिन दिवसभर चालले की मागची बॅटरी आपोआप भरते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. पाटाच्या तोंडाशी पाणी कितीही असो, पाट लांब व अरुंद असला की शेवटच्या शेताच्या वाट्याला नुसता ओलावा येतो. विजेचेही तसेच आहे.

शिशाची १२ व्होल्टची बॅटरी नीट भरावयास सुमारे १४.४ व्होल्टचा दाब लागतो. मोटारीचे जनित्र १४.२ व्होल्ट देते आणि जोडगाडीतील बॅटरी ७ मीटर दूर आहे, असे समजा. प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून तार झाली १४ मीटर. तेथील बाजारात ‘६ मिलिमीटर’ म्हणून मिळणाऱ्या मोटारीच्या तारेचे माप आवरणासह असते. आतील तांब्याचा छेद जेमतेम साडेचार चौरस मिलिमीटर भरतो. २० अँपिअरचा प्रवाह वाहू लागला की या तारेतच सुमारे १ व्होल्ट खर्ची पडतो. १६ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत हीच घट ०.३ व्होल्टवर येते. बॅटरी भरत जाते तसा प्रवाह मंदावतो व घटही कमी होते. परंतु तोवर मुक्कामाचे ठिकाण आलेले असते.

अलीकडच्या अनेक मोटारींत इंधन वाचविण्यासाठी जनित्राचा दाब मुद्दाम उतरविला जातो, कधी १३ व्होल्टच्याही खाली. तेथे केवळ जाड तार पुरत नाही. त्यावर उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. जोडगाडीतील बॅटरीजवळ बसविलेले हे यंत्र आलेला दाब चढवून बॅटरीच्या जातीस योग्य असा देते. लिथियमची बॅटरी जनित्रातून अतोनात प्रवाह ओढू शकते. त्यासही हे यंत्र मर्यादा घालते.

आणखी दोन दक्षता अवश्य घ्याव्यात. मुक्कामात शीतकपाटाने मोटारीचीच बॅटरी रिकामी करू नये, म्हणून इंजिन बंद होताच दोन्ही बॅटऱ्यांची जोड तुटेल अशी योजना असावी. तसेच तारेच्या दोन्ही टोकांस फ्यूज हवा. कारण वीज दोन्हीकडे आहे, आणि तार घासून उघडी पडल्यास आग लागू शकते.

शेवटी वेळेचा हिशेब. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी असेल, तर २० अँपिअरने ती भरावयास निदान अडीच तास लागतात. शिशाच्या बॅटरीस त्याहून बरेच अधिक, कारण तिचा शेवटचा भाग फार सावकाश भरतो. तासाभराचा प्रवास व तीन दिवसांचा मुक्काम असा बेत असेल, तर सूर्यप्रकाशावर वीज देणारी तावदाने बरोबर घ्यावीत. निघण्यापूर्वी मात्र इंजिन चालू ठेवून, जोडगाडीतील बॅटरीच्या टोकांशीच व्होल्टमीटर लावून पाहावा. पाण्याची परीक्षा शेवटच्या शेतात होते, पाटाच्या तोंडाशी नव्हे.