थेंबांचं माप

बुंदीच्या झाऱ्याची छिद्रं सारखी असतात, तरी दाणे लहानमोठे पडतातच. तिथे खपतं. औषधात खपत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगावर महिन्यातून एकदाच टोचायचं ल्युप्रोलाइड १९८९ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्यात औषध पॉलिमरच्या बारीक कणांत भरलेलं असतं आणि हळूहळू पाझरतं. कणाचा व्यास दुप्पट झाला की औषध मावतं आठपट. मग मात्रेचा मेळ कसा बसायचा?

सगळे कण एका मापाचे करायची एक रीत म्हणजे मायक्रोफ्लुइडिक्स. सिलिकॉन रबराच्या छोट्या पट्टीत केसाएवढ्या रुंदीच्या वाटा असतात. मधल्या वाटेनं सोडियम अल्जिनेटचं पाणी येतं. अल्जिनेट समुद्री शेवाळातून काढतात. दोन्ही बाजूंनी तेल येतं. चौकात तेल त्या धारेला दाबतं, धार निमुळती होते, तुटते, थेंब सुटतो. मागोमाग दुसरा. वाट इतकी अरुंद की प्रवाहात खळबळ उठत नाही. पंपांचा वेग ढळला नाही तर थेंबाचं मापही ढळत नाही. तेलाचा वेग वाढवा, थेंब लहान होतो. पुढे कॅल्शियम भेटलं की थेंबाचा मऊ मणी बनतो.

असे मणी जिवाणू खतानं भरून कपाशीच्या मुळाशी द्यावेत, असं वऱ्हाडातल्या माणसाच्या मनात येणारच. पण आपल्याकडे खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्यात, विहिरींच्या पाण्यात सोडियम भरपूर. ते मण्यातल्या कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतं. मणी फुगतो, सैल पडतो, वेळेआधीच विरतो.

दुसरी अडचण वेगाची. १०० मायक्रॉनचे थेंब सेकंदाला हजार पडले, तरी एका वाटेतून तासाला दोन मिलिलिटरसुद्धा भरत नाहीत. एक लिटर व्हायला बावीस दिवस! म्हणून शेकडो वाटा शेजारीशेजारी बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. महागड्या औषधाला हे परवडेल, खताला नाही.

शेतीसाठी माझ्या मते इंजेक्शनच्या सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात टपटप पाडलेले जाडे मणीच बरे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते तासाभरात होतात. फक्त पोरांनो, मणी किती टिकतात ते बघायला बाटलीबंद पाणी घेऊ नका, खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूरकडच्या विहिरीचं आणा.