सुगरणीचे घरटे आणि माळव्यातील घर



बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेमुळे सुगरण पक्षीण मराठी घराघरांत पोचली. कवितेत कौतुक तिचे असले, तरी प्रत्यक्षात ते घरटे विणतो नर. सलीम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा त्यांना आणखी एक गंमत आढळली. नर घरटे अर्धेच विणतो आणि थांबतो. मग माद्या येतात, ते अर्धवट घरटे आतून-बाहेरून पारखतात आणि एखादीच्या पसंतीस उतरले तर ती त्यात राहावयास लागते. त्यानंतरच नर खाली लोंबणारी प्रवेशाची नळी पुरी करतो. नापसंत घरटी तशीच झाडाला टांगलेली राहतात. बहिणाबाईंच्या कवितेला या माहितीने काडीचाही उणेपणा येत नाही. परंतु घर बांधणाऱ्यांना मात्र तीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. राहणाऱ्याची संमती मिळेपर्यंत बांधकाम पुरे न करणे, ही शहाणीव माणसाच्या बांधकामात सहसा दिसत नाही.

निसर्गापासून बांधकामाची प्रेरणा घ्यावी, असे अलीकडे सर्वत्र बोलले जाते, आणि त्याला कारणही तसेच आहे. जगात माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटच्या उत्पादनाचा आहे. विटांची भट्टी तर शेतातील वरची सुपीक मातीच खाते. तेव्हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. परंतु प्रेरणा घ्यावयाची म्हणजे काय, याविषयी बराच घोटाळा आहे. कमळाच्या आकाराचा घुमट किंवा झाडासारखे खांब उभे केले म्हणजे निसर्गाचे अनुकरण झाले, असे अनेकांना वाटते. ते निसर्गाचे चित्र झाले. निसर्गाची रीत निराळी.

वारुळाचे उदाहरण घ्यावे. झिंबाब्वेतील हरारे शहरात मिक पीअर्स या वास्तुविशारदाने १९९६ साली ईस्टगेट नावाची मोठी इमारत उभी केली. नेहमीची वातानुकूलन यंत्रणा टाळून, रात्रीच्या गार हवेने जाड काँक्रीट थंड करावयाचे आणि तापलेली हवा उंच धुराड्यांतून बाहेर सोडावयाची, अशी तिची योजना आहे. वाळवी आपले वारूळ असेच थंड राखते, या समजुतीवर ती बेतलेली होती. पुढे स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की वारुळाचे काम तसे चालतच नाही. आतील तापमान भोवतालच्या जमिनीबरोबर वरखाली होते. वारुळाची ती उंच भिंत वाऱ्याच्या झुळुकांवर श्वासोच्छ्वास करणाऱ्या फुफ्फुसासारखी असते. इमारत मात्र उत्तम चालते! दाखला चुकीचा निघाला आणि घर बरोबर ठरले, कारण रात्रीचा गारवा दिवसासाठी साठविण्याची युक्ती त्या गावच्या हवामानाला मानवणारी होती.

ही युक्ती माळव्याला नवी नाही. येथील रात्री कशा असतात, हे इंदूरकरांना सांगावयास नको. ‘शब-ए-मालवा’ हे शब्द उगीच रूढ झालेले नाहीत. मराठी वाड्याच्या जाड भिंती दिवसभर ऊन झेलीत आणि आतला चौक रात्रीचा गारवा धरून ठेवी. खुद्द राजवाडाच पाहावा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. म्हणजे भार पेलावयाचा तेथे दगड, आणि वर चढताना हलके लाकूड. झाडाचा बुंधाही असाच खाली जाड आणि शेंड्याकडे हलका असतो. त्या लाकडाची किंमत १९८४ च्या आगीत मोजावी लागली, हेही येथेच सांगितले पाहिजे. जुने ते सगळे निर्दोष होते, असे मानणे म्हणजे आपल्या वाडवडिलांनाही न समजणे होय.

नगराकडे सजीव म्हणून पाहणारा एक मनुष्य इंदूरमध्ये शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला, याचा मात्र येथे फारसा उल्लेख होत नाही. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्स्लींचे विद्यार्थी आणि डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारासाठी त्यांनी लिहिलेला नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. रोगी भाग तेवढा नेमका काढावा आणि बाकीच्या देहाला जगू द्यावे, असे त्यांचे शल्यचिकित्सकाचे धोरण होते. घाण पाणी लांब नेऊन टाकण्यापेक्षा ते बागांकडे वळवावे, हाही त्यांचा आग्रह. प्लेगच्या त्या दिवसांत दिवाळीत त्यांनी मोठी मिरवणूक काढविली; जे मोहल्ले सर्वांत स्वच्छ, त्यांच्यातून ती जाणार असे जाहीर होताच लोकांनी घरे झाडून-सारवून काढली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, सफाई कामगार नव्या पांढऱ्या कपड्यांत हारतुरे घालून मानाने चालले होते आणि शेवटी तुळशीची रोपे वाटली गेली. शहराच्या ओल्या कचऱ्यापासून इंधन-वायू बनविणारा, रोज ५५० टन कचरा घेण्याची क्षमता असलेला कारखाना इंदूरमध्ये २०२२ साली सुरू झाला. गेडिसना त्यात आपलाच जुना विचार ओळखू आला असता.

आता पुन्हा अर्ध्या घरट्याकडे यावयाचे. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म पुण्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी त्यांनी आणि त्यांच्या वास्तुशिल्प संस्थेने अरण्य ही वसाहत आखली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड; त्यांतील बहुसंख्य गरिबांसाठी. सर्वांत लहान भूखंड जेमतेम ३५ चौरस मीटरांचा. त्यावर जोते, पाण्याचा नळ, शौचालय आणि फार तर एक खोली. बाकीचे घर राहणाऱ्याने आपल्या कमाईप्रमाणे, पोरेबाळे वाढतील तसे वाढवावयाचे. कसे वाढवता येईल हे दिसावे म्हणून दोशींनी ऐंशी नमुन्याची घरे बांधून दाखविली. दोन घरांना एकच सामाईक भिंत, म्हणजे उन्हात तापणारी बाजू तेवढी कमी. गल्ल्या अरुंद, म्हणजे घरांची सावली एकमेकांवर. दाराशी ओटा, म्हणजे संध्याकाळची बैठक फुकट. या योजनेला १९९५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये दोशींना प्रित्झ्कर पारितोषिक. २०२३ मध्ये ते निवर्तले.

अरण्यात आज फिरणाऱ्याला त्या नमुन्याच्या घरांतली पुष्कळशी ओळखूसुद्धा येत नाहीत. कोणी मजले चढविले, कोणी दुकान काढले, कोणी जुने पाडून सगळेच नवे बांधले. काही टीकाकार यास योजनेचे अपयश म्हणतात. गरिबाच्या हातचे घर दुसऱ्याकडे जात असेल तर ते दुःखदच. तेवढ्यापुरती टीका रास्त आहे. परंतु घर बदलले म्हणून ओरडणे हे बी उगवले म्हणून ओरडण्यासारखे आहे. दोशींनी गल्ल्यांची आणि मोकळ्या जागांची आखणी दिली, ती टिकली तर पुरे. अडचण उलट दिशेने येते. नव्या बहुमजली इमारतीत राहणाऱ्याला पश्चिमेच्या काचेच्या भिंतीवर एक छज्जासुद्धा काढता येत नाही, मग तो दुपारभर यंत्र चालवून खोली थंड करतो, आणि त्या यंत्राची उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत जाते.

रस्तारुंदीकरणात इंदूरच्या जुन्या भागातील घरांचे पुढचे भाग गेले, कित्येक वाडे पुरतेच गेले. काळ्या मातीत पाया कसा घालावा, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते तेव्हा भिंतीला तडा जाऊ नये म्हणून काय करावे, हे ज्या गवंड्यांना आणि सुतारांना ठाऊक होते, त्यांनी ते कागदावर उतरविले नाही. हे काम ग्रंथालयाला करता येण्याजोगे आहे. सभासदांपैकी ज्यांच्या घरी वाड्याचे नकाशे, बांधकामाच्या खर्चाच्या वह्या किंवा जुनी छायाचित्रे असतील, त्यांनी ती येथे आणून द्यावीत. आणि एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी वैशाख महिन्यात, उरलेल्या चार-दोन वाड्यांच्या चौकांत व तेवढ्याच नव्या सदनिकांत, दुपारी आणि पहाटे तापमापक लावून नोंदी घ्याव्यात. गेडिसच्या अहवालाशेजारी त्या वहीला कपाटात जागा निघेल.