घरांतील अडगळ व मनांतील अडगळ

इ. स. १९४७ च्या मार्च महिन्याच्या २१ तारखेस न्यूयॉर्क शहरांतील हार्लेम विभागांत, फिफ्थ अव्हेन्यू व १२८ वा रस्ता यांच्या कोपऱ्यावरील एका जुन्या घरापुढें पोलीस जमले होते. त्या घरांत कोणी मरून पडलें आहे अशी निनावी वर्दी त्यांस मिळाली होती. परंतु आंत जावें तर वाट नव्हती. दारामागें जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे व मोडकें सामान यांची भिंतच उभी होती. अखेर वरच्या खिडकींतून एक शिपाई आंत शिरला, आणि बराच वेळ ढिगांतून वाट काढल्यावर त्यास होमर कॉलियर हा अंध व पंगु वृद्ध बसल्या जागीं मृत झालेला आढळला. त्याची शुश्रूषा करणारा धाकटा भाऊ लँग्ले मात्र नाहींसा झाला होता. त्याचा शोध दूरदूरच्या गांवांपर्यंत झाला. शेवटीं ८ एप्रिल रोजीं त्याचें प्रेत त्याच घरांत, होमर बसला होता तेथून अवघ्या दहा फुटांवर, सांपडलें. चोरांच्या भीतीनें त्यानें स्वतःच रचून ठेवलेला सांपळा, भावाकडे अन्न नेत असतां, त्याच्याच अंगावर कोसळला होता. अन्न आणणारा गेला. तेव्हां अन्नावांचून दुसराहि गेला.

हे बंधू अडाणी नव्हते. दोघांचें शिक्षण कोलंबिया विद्यापीठांत झालें होतें. थोरला वकील होता, धाकटा उत्तम पियानो वाजवीत असे. वडील डॉक्टर होते. आईबाप निवर्तल्यावर घरांतील एकहि वस्तु बाहेर गेली नाहीं, आणि बाहेरून येणाऱ्या वस्तूंस खंड पडला नाहीं. घर रिकामें करतांना शंभर टनांहून अधिक सामान निघालें. त्यांत चौदा पियानो होते, वडिलांचीं वैद्यकीय उपकरणें होतीं, एका जुन्या मोटारीचा सांगाडा होता, पंचवीस हजारांवर पुस्तकें होतीं, आणि वर्षानुवर्षांचीं वर्तमानपत्रें होतीं. वर्तमानपत्रें कां ठेवलीं, याचें कारण लँग्लेनें पूर्वीं सांगितलें होतें. १९३३ सालीं होमरची दृष्टि गेली. ती परत आल्यावर मधल्या काळांतील बातम्या त्यास वाचावयास मिळाव्या, म्हणून तीं ठेवलीं होतीं.

वेड म्हणून ही हकीकत हंसण्यावारी नेणें सोपें आहे. परंतु त्या उत्तराचा क्षणभर विचार केला, तर त्यांत वेडापेक्षां बंधुप्रेमच अधिक दिसतें. वर्तमानपत्रें टाकावयाचीं म्हणजे भावाची दृष्टि परत येणार नाहीं हें मान्य करावयाचें. तें मान्य करणें लँग्लेला जमलें नाहीं. आणि जो निर्णय मनानें केला नाहीं, तो रोज एका अंकानें घरांत वाढत गेला. अडगळीचें मानसशास्त्र या एका गोष्टींत बहुतेक सामावलेलें आहे. अडगळीस लोक आळसाचें फळ समजतात. वस्तुतः ती पुढें ढकललेल्या निर्णयांची रास असते. राशींतील प्रत्येक वस्तूपाशीं विचारलें तर ती आपल्यापुरतें एक कारण सांगते, आणि तें कारण वेगळें घेतलें तर पटण्यासारखें असतें. सर्वांची बेरीज मात्र कोणी केलेली नसते.

हें पाहण्यास न्यूयॉर्कला जाण्याचें कारण नाहीं. कोणत्याहि मध्यमवर्गीय मराठी घराचा माळा किंवा पलंगाखालचा कप्पा उघडावा. तेथें एक कान तुटलेली कढई असते, कोणाच्या तरी लग्नांत आहेर आलेली व कधींच न वापरलेली चादर असते, मोठ्या झालेल्या मुलाच्या शाळेच्या वह्या असतात, वारलेल्या आजोबांचा चष्मा असतो, आणि शिकावयाची म्हणून घेतलेली, तारा तुटलेली सतार असते. या वस्तूंची नीट वर्गवारी केली, तर मनुष्य वस्तु धरून ठेवतो त्याचीं तीन मुख्य कारणें हातीं येतात.

पहिलें कारण गतकाळाचें. मनुष्य ज्याला आपलें म्हणतो, त्या सर्वांची मिळून त्याची ‘मी’ ही भावना बनते. देह व मन यांबरोबर कपडेलत्ते, घर व आप्तेष्टहि तींत येतात, असें विल्यम जेम्स यानें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत प्रतिपादिलें. वस्तु टाकतांना आपलाच एखादा अंश टाकल्यासारखें वाटतें तें यामुळें. ही आपलेपणाची भावना जडण्यास फार काळहि लागत नाहीं. कानेमन, नेट्श व थेलर या तीन संशोधकांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांपैकीं कांहींना चहाकॉफीचे साधे पेले देऊन टाकले, व नंतर क्रयविक्रय करावयास सांगितलें. पेला ज्याच्या हातीं होता तो त्याची जी किंमत मागे, ती पेला नसलेल्या विद्यार्थ्याच्या किंमतीच्या सुमारें दुप्पट भरे. कांहीं मिनिटांच्या मालकीनें पेल्याचें मोल दुप्पट होत असेल, तर आजोबांच्या चष्म्याचें मोल कोणत्या तराजूंत घालावें ?

दुसरें कारण भविष्याचें. ‘असूं दे, केव्हां तरी उपयोगीं पडेल’ हें वाक्य ज्या घरांत उच्चारलें जात नाहीं असें घर विरळा. ज्या पिढीनें दुसऱ्या महायुद्धांतील टंचाई पाहिली, १९४३ सालीं मुंबईंत सुरू झालेलें रेशनिंग सोसलें, तिच्या तोंडी तें वाक्य शहाणपणाचेंच होतें. परंतु काटकसर व अडगळ यांत भेद आहे, आणि तो जुन्या गृहिणी नेमका जाणत. जुनेरें सांठलीं कीं त्यांची गोधडी शिवली जाई; धड असलेले कपडे बोहारणीस देऊन तिच्याशीं घासाघीस करून नवें भांडें घेतलें जाई; फुटकें पितळ मोडीत जाई. वस्तु थांबे, पण तिच्या थांबण्यास मुदत असे व पुढचा मुक्काम ठरलेला असे. काटकसर वस्तूस कामाला लावते. भीति तिला नुसती कोंडून ठेवते.

तिसरें कारण अपुऱ्या संकल्पांचें. आणि कामाच्या दृष्टीनें हेंच सर्वांत जाचक. बर्लिन येथें मारिया ओव्हसियांकिना या विदुषीनें १९२८ सालीं असें दाखविलें कीं, एखादें काम करीत असतां मनुष्यास मध्येंच थांबविलें, तर मोकळीक मिळतांच, कोणी न सांगतां व कांहीं लाभ नसतांहि, तो बहुधा त्या कामाकडे परत वळतो. अर्धवट राहिलेलें काम मनुष्यास ओढीत असतें. आतां टेबलावर उत्तर न दिलेलें पत्र, अर्धें वाचलेलें पुस्तक, दुरुस्तीस न्यावयाचें घड्याळ व भरावयाचें बिल एकत्र पडलीं असतील, तर चार दिशांनीं चार दोऱ्या ओढल्या जात आहेत असें समजावें. तारा तुटलेली सतार हीहि तशीच एक दोरी होय. ती पाहिली कीं शिकणें राहिलें याची बोच होते. टाकावी म्हटलें तर आतां कधींच शिकणार नाहीं असें स्वतःशीं कबूल करावें लागतें. यांपैकीं कांहींच नको, म्हणून मनुष्य तिच्यावर चादर घालतो.

या ओढाताणीचा परिणाम कामावर होतो. दृष्टीपुढें एकाच वेळीं पुष्कळ वस्तू असल्या, तर मेंदूंतील दृष्टिकेंद्रांत त्यांची आपसांत चढाओढ लागते, असें प्रिन्स्टन येथील मॅकमेन्स व कास्टनर यांच्या २०११ सालच्या संशोधनांत दिसून आलें. नको असलेल्या वस्तूंकडे दुर्लक्ष करणें हेंहि एक कामच होय, व त्याची मजुरी लक्षालाच द्यावी लागते. सायंकाळीं थकवा येतो. दिवसभर काय केलें हें मात्र सांगतां येत नाहीं. घरांतहि तोच प्रकार. लॉस एंजेलिस येथील नोकरी करणाऱ्या दांपत्यांना आपापलें घर दाखवीत त्याचें वर्णन करावयास सांगून सॅक्सबी व रेपेटी यांनीं २०१० सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या स्त्रियांच्या वर्णनांत पसारा व राहिलेलीं कामें यांचा उल्लेख अधिक होता, त्यांच्या शरीरांतील कॉर्टिसोल या तणावाशीं संबंध असलेल्या द्रव्याचें प्रमाण दिवस उतरतांना जसें उतरावें तसें उतरत नव्हतें. पसाऱ्यामुळें ताण कीं ताणामुळें पसारा, हें एवढ्यावरून ठरत नाहीं. पण ज्या घरांत विसांव्यास यावयाचें, तेंच घर कामांची यादी वाचून दाखवूं लागलें, तर विसांवा कोठें शोधावा ?

मग प्रत्येक पसारा वाईटच काय ? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. लंडन येथील सेंट मेरीज रुग्णालयांत अलेक्झांडर फ्लेमिंग याचें टेबल अव्यवस्थित असे. १९२८ च्या सप्टेंबरांत सुट्टीवरून परतल्यावर तेथें राहून गेलेल्या एका बशींत त्यास बुरशी दिसली, आणि तिच्यापासून पेनिसिलिनचा शोध लागला. मिनेसोटा विद्यापीठांतील १९१३ नव्हे, अलीकडच्या २०१३ सालच्या प्रयोगांतहि पसारा असलेल्या खोलींत बसलेल्यांना नवीन कल्पना अधिक सुचल्या, असें आढळलें. तात्पर्य, चालू असलेल्या कामाचा पसारा हा जिवंत पसारा होय. काम संपलें कीं तो आवरतो. फ्लेमिंगनें ती बशी उचलून पाहिली, हें विसरतां कामा नये. अडगळ ती, जी कोणी उचलून पाहत नाहीं.

संख्येवरूनहि अडगळ ठरत नाहीं. कॉलियर बंधूंच्या घरीं पंचवीस हजारांवर पुस्तकें होतीं. तेवढीं पुस्तकें एखाद्या ग्रंथालयांत असतीं, तर गांवास भूषण वाटलें असतें. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. पुस्तकें उपयोगासाठीं आहेत हा त्यांतील पहिला, व वाचकाचा वेळ वांचवा हा चौथा. संग्रह व अडगळ यांची परीक्षा या दोन नियमांनीं कोणत्याहि घरांत करतां येईल. वस्तु उपयोगीं आणली जाते काय, व हवी तेव्हां ती वेळ न दवडतां सांपडते काय, एवढेंच पाहावें.

कांहीं माणसांच्या बाबतींत मात्र प्रश्न संवयीच्या पलीकडे गेलेला असतो. वस्तु टाकण्याच्या कल्पनेनेंच त्यांस तीव्र यातना होतात, आणि राहत्या खोल्या राहण्याजोग्या उरत नाहींत. फ्रॉस्ट व हार्टल यांनीं १९९६ सालीं या स्थितीची मीमांसा केली, आणि २०१३ पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणांत तिला स्वतंत्र विकाराचें स्थान मिळालें. अशा वृद्ध आईची खोली ती गांवाला गेली असतां मुलांनीं रिकामी करावी, हा उपाय वरवर सोपा दिसतो. पण निर्णय तिनें केलेला नसतो, म्हणून खोली पुन्हां भरते. आणि मुलांवरचा विश्वास तेवढा जातो. तेथें दटावणी नको. तज्ज्ञाचें साहाय्य घ्यावें, तिच्याजवळ बसावें, आणि एकेक वस्तु तिच्याच हातीं देऊन तिच्याच तोंडून निकाल घ्यावा.

सर्वसामान्य गृहस्थासहि मार्ग हाच आहे. फक्त तो स्वतःच्या पायांनीं चालावयाचा. दिवाळीच्या आधीं एका दिवसांत सारें घर उलथेंपालथें करण्यापेक्षां रोज एक खण घ्यावा. वस्तु हातीं घेऊन ही गतकाळाची, भविष्याच्या भीतीची, कीं अपुऱ्या संकल्पाची, एवढें आधीं ओळखावें. आठवणीची असेल तर दहांतून एक निवडून तिला मानाची जागा द्यावी. माळ्यावर धूळ खाणारा चष्मा आजोबांचा सन्मान करीत नाहीं. भीतीची असेल तर मुदत घालावी. संकल्पाची असेल तर येत्या आठवड्यांत हातीं घ्यावी, नाहीं तर ज्याला खरोखर गाणें शिकावयाचें आहे अशा मुलास ती सतार देऊन टाकावी. मोबाईल फोनमध्यें सांठलेल्या हजारों छायाचित्रांसहि हाच न्याय लावावा. तेथें जागा लागत नाहीं, म्हणून निर्णय टळतो इतकेंच.

कॉलियर बंधूंचें घर त्याच वर्षीं पाडण्यांत आलें, व त्या जागीं पुढें एक लहानसें उद्यान झालें. होमरसाठीं ठेवलेल्या वर्तमानपत्रांतील एकहि बातमी त्यानें वाचली नाहीं. मात्र तीं दोन माणसें पुष्कळ वर्षें एकाच घरांत जवळ जवळ होतीं. एकानें दुसऱ्यास त्यांतील एक अंक रोज वाचून दाखविला असता, तर तो ठेवण्याचें कारणहि त्याच संध्याकाळीं संपलें असतें.