कामठी स्टेशनावरील हमालीण
(ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी चार शब्द बोलावे अशी फादरांनी मला आज्ञा केली, आणि विषय मात्र माझ्यावरच सोपवून त्यांनी मला संकटात टाकले. उत्सवाच्या दिवशी गोड बोलावे अशी आपली रीत आहे, आणि माझ्या मनात जे घोळत आहे ते सर्वांस गोड लागेलच असे नाही. तथापि आपण एकाच घरची माणसे आहोत, ह्या भरवशावर बोलतो.

आपल्या ह्याच नागपुरातील एका बाईची हकीकत प्रथम सांगतो. जाईबाई चौधरी हे त्यांचे नाव. १८९२ साली उमरेड येथे एका महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दारिद्र्य एवढे की कामठी स्टेशनावर उतारूंचे सामान डोकीवर वाहून त्या पोट भरीत. हमालीण म्हटली म्हणजे तिच्याकडे कोण निरखून पाहतो? ओझे उचलले, पैसे दिले, संपले. परंतु मिस ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंनी तिच्याकडे पाहिले. डोकीवरील ट्रंक त्यांना दिसली, आणि ट्रंकेखालचे माणूसही दिसले. ह्या मुलीत गुण आहेत हे त्यांनी ओळखले आणि तिला शाळेत शिक्षिकेची जागा मिळवून दिली.

इतकी गोष्ट ऐकून आपणांस धन्य वाटेल, कारण ती बाई आपल्याच प्रभूचे नाव घेणारी होती. पण गोष्ट येथे संपत नाही. नवी बाई कोणत्या जातीची हे पालकांना कळताच एकच ओरड झाली, आणि जाईबाईंना ती नोकरी सोडावी लागली. मिस ग्रेगरींची दृष्टी निर्मळ होती ह्यात शंका नाही. पण एकट्या माणसाची दृष्टी निर्मळ असून भागत नाही. भोवतालच्या मंडळींनी माना फिरविल्या की तिने दिलेली खुर्चीही काढून घेतली जाते. ह्या गोष्टीतला हा भाग मला फार बोचतो. आपण सर्वच 'भोवतालची मंडळी' आहोत, नव्हे काय?

जाईबाई मात्र खचल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात आपल्या समाजातील मुलींसाठी स्वतः शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. पंढरीच्या देवळात ज्याला पाऊल टाकू दिले नाही, त्या भक्ताचे नाव शाळेच्या दारावर! पुढे १९३७ साली येथे भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेत त्यांना व त्यांच्या भगिनींना जेवणास निराळे बसविण्यात आले. शिकल्यासवरलेल्या, स्त्रियांच्या उद्धारासाठी जमलेल्या बायकांनी हे करावे! त्याचा निषेध म्हणून १९३८ सालच्या पहिल्याच दिवशी जाईबाई आणि त्यांच्या भगिनींनी सभा भरविली. आणि १९४२ च्या जुलै महिन्यात डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत नागपुरात दलित महिलांची जी परिषद झाली, तीस वीसपंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. स्टेशनावर जिच्याकडे कोणी पाहत नव्हते, तीही त्या परिषदेच्या पुढाऱ्यांत होती.

आता कोणी म्हणेल, हे तर परक्यांचे झाले. आपल्या देवळात अशी पंगत नाही. असे म्हणण्यापूर्वी संत याकोबाचे पत्र उघडून दुसरा अध्याय वाचावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य येतो, त्याच्या मागून मळक्या वस्त्रांचा गरीब येतो. पहिल्याला मानाची जागा आणि दुसऱ्याला 'तू तेथे उभा राहा' असा हुकूम. हे प्रेषिताने विधर्म्यांना लिहिलेले नाही. बाप्तिस्मा घेतलेल्यांना लिहिले आहे, आणि तेही प्रभूच्या पुनरुत्थानास एक शतक लोटले नव्हते तेव्हा. भारतातील बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित बांधवांविषयी जे धोरण प्रसिद्ध केले, त्यात चर्चमध्येही हा भेद शिल्लक आहे अशी स्पष्ट कबुली आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी जे कबूल केले ते आपण नाकारू नये. लग्न जमविताना 'मुलगी कोणत्या पॅरिशची' एवढे विचारून आपण कधी थांबतो काय? 'मूळचे कोणते?' हा पुढचा प्रश्न हळू आवाजात येतोच.

आपल्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस दि सेल्स हे मोठ्या सरदार घराण्यातले आणि जिनिव्हाचे बिशप. मार्टिन नावाचा एक गरीब, बहिरा व मुका मनुष्य त्यांच्या पाहण्यात आला. ज्याला ऐकू येत नाही त्याला धर्म काय कळणार, अशी त्या काळची समजूत. बिशपांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले, स्वतः खुणांची भाषा तयार करून शिकविले आणि प्रथम कम्युनियन दिले. केवळ भिक्षा घालणे सोपे होते. बिशपांनी त्या माणसाची भाषा शिकून घेतली, हे विशेष. ह्याच संतांच्या नावाच्या संघातील मिशनऱ्यांनी आपल्या प्रांतात श्रद्धेचे बी पेरले, आणि १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला, हे आपण आज अभिमानाने सांगतो.

जाता जाता ह्या स्मरणिकेविषयी एक गोष्ट. छपाईपूर्वी देणगीदारांची यादी तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. रकमेच्या उतरत्या क्रमाने नावे लावून मी मोठ्या समाधानाने ती कमिटीस दिली. घरी आल्यावर बायकोने विचारले, "आपलं देऊळ रोज झाडणाऱ्या मावशींचं नाव कुठं आहे?" मी म्हणालो, "त्यांनी देणगी कुठे दिली?" ती काही बोलली नाही; भाजी निवडीत राहिली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेलो आणि नाव विचारले. इतकी वर्षे मी त्यांना 'मावशी' म्हणून हाक मारीत होतो, पण बाप्तिस्म्याचे नाव ठाऊक नव्हते, हे सांगताना आज लाज वाटते. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले, नाव सांगितले, आणि मग म्हणाल्या, "छापणार असाल तर माझ्या आईचंही छापा, माझ्या आधी तीच झाडीत होती."

कमिटीने यादी पुन्हा लावण्यास मान्यता दिली आहे. आता ती वर्णानुक्रमे छापली जाईल, आणि तीत रकमेचा रकाना राहणार नाही. कोणा देणगीदारास ह्याचे वाईट वाटले तर त्यांनी कमिटीस दोष न देता मला भेटावे. मिस्सानंतर मी मागच्या दाराशी असतो.