तोतया भुंगेऱ्याचा नकाशा

पाठीवर उलटा पडला की 'टक्' आवाज करून हवेत उसळणारा लांबट भुंगेरा पावसाळ्यात दिव्याखाली तुम्ही पाहिला असेल. तो क्लिक बीटल. त्याच्या भावकीत युक्नेमिडी नावाचं एक कुळ आहे. त्यांना म्हणतात फॉल्स क्लिक बीटल, म्हणजे तोतये. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा निघाला होता, तसे. नाव अन्यायाचंच म्हणायचं, कारण या तोतयांतलेही कितीतरी जण झकास टक् करून उसळतात!

त्यातल्या एकाचं नाव डिऱ्हॅगोफार्सस लेविसी. म्हणताना माझीही जीभ अडखळते. 'लेविसी' आलं जॉर्ज लेविस यांच्यावरून. हे इंग्रज गृहस्थ चहाच्या व्यापारातले, जपानात राहून किडे जमवायचे. तेच या भुंगेऱ्याचं मूळ गाव, जपान. आणि १९७९ साली फोर्ड आणि स्पिलमन या दोघांनी लिहिलं की हा तर अमेरिकेत आहे! पुढे तो अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एकेका राज्यात सापडत गेला.

एवढा पॅसिफिक महासागर हा उडून ओलांडणार नाही. बहुधा लाकडातून आला असावा, अळीच्या रूपात. या कुळातली अळी बघण्यासारखी असते: पाय नाहीत, डोकं चपटं. बुरशीनं पोखरलेल्या ओंडक्यात ती महिनोन्‌महिने पडून असते. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं ते नुसतं कुजकं लाकूड. हा किडा पिकाला लागत नाही, धडधाकट झाडाला हात लावत नाही. मग त्याला शोधणार कोण? त्यामुळे त्याच्या नकाशावरचा प्रत्येक ठिपका खरं तर एवढंच सांगतो, की इथे कुणीतरी सापळा लावून बसलं होतं. रिकाम्या जागेत तो नाहीच, असं मी तरी म्हणणार नाही.

याच कुळातल्या युक्नेमिस कॅपुसिनाची तऱ्हा उलटी: त्याच्या नकाशावरचे ठिपके शोधणाऱ्यांपेक्षा झाडांबद्दलच जास्त सांगतात. युरोपात तो लांबवर पसरलाय, पण इंग्लंडमध्ये त्याची नोंद मुख्यतः न्यू फॉरेस्ट आणि विंडसरची. ही दोन्ही राजांच्या शिकारीसाठी राखलेली रानं. तिथल्या म्हाताऱ्या, पोकळ बीच वृक्षांवर शेकडो वर्षं कुणी सरसकट कुऱ्हाड चालवली नाही. ते उभ्या-उभ्या कुजत राहिले, आणि हा भुंगेरा त्यांच्या पोटात राहिला.