मोजणी जुळली का?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याहून सिझेरियनसाठी कुणाला हिंगोलीला नेलं, की घरचे डॉक्टरांची वाट पाहतात. ऑपरेशन थिएटरच्या आत ट्रॉलीपाशी उभ्या असलेल्या सिस्टर कुणाला दिसत नाहीत. त्यांचं काम फार मोलाचं आहे.

रुग्णाच्या पायांवर सरकवलेल्या मेयो ट्रॉलीवर लगेच लागणारीच अवजारं असतात. बाकीची मागच्या टेबलावर. डॉक्टरांनी नुसता हात पुढे केला, की कात्रीची मूठ तळव्यात येते, नजर जखमेवरून हलत नाही. चाकू मात्र किडनी ट्रेमधून दिलेला बरा. विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवणारी कॉटरीची पेन्सिल वापरून झाली की तिच्या खोळीतच ठेवावी. रुग्णाच्या अंगावर राहिली आणि चुकून बटण दाबलं गेलं, तर भाजतं.

सुरुवातीला मोजलेले रक्त टिपायचे मॉप, सुया, अवजारं पोट शिवण्याआधी पुन्हा मोजतात, दोन सिस्टरनी मिळून, मोठ्याने. रक्ताने भिजलेला मॉप आतड्यांमध्ये ओळखू येत नाही, म्हणून त्यात एक्स-रेत दिसणारा धागा विणलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या तपासणी यादीतही रुग्णाला बाहेर नेण्याआधी ही मोजणी झाली का, हे विचारलं जातं. आकडा जुळला नाही, तर टेबलाखाली, बादलीत, जखमेत शोधायचं. तरीही सापडलं नाही, तर तिथेच एक्स-रे काढायचा.